सिलिंगला प्रायमरवर पेंट हवाच का?

ठाणेकर:
परवा इथे एकाने लिहिलं, "सिलिंगला प्रायमरचे दोन हात मारा, पांढरं ते पांढरंच, वरचा पेंट म्हणजे रंगाऱ्याची कमाई." वाचून डोकंच फिरलं. अहो प्रायमर असतो पुट्टीची तहान भागवायला आणि पेंटला पकड द्यायला, तो ओल, धूर सगळं पिऊन घेतो. पैसे संपले म्हणून आम्ही किचनचं सिलिंग नुसतं प्रायमरवर ठेवलं होतं, वर्षभरात शेगडीच्या बरोबर वर पिवळा गोल उमटला, ओलं फडकं फिरवलं तर फडक्याला पांढरं पीठ आणि डाग तसाच.

गिरणगाववाला:
मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. तुमच्या फोडणीचा राग माझ्या बेडरूमवर कशाला? ८ वर्षं नुसता प्रायमर आहे, एक पापुद्रा सुटलेला नाही. सिलिंगला हात कोण लावतं?

चिपळूणची सून:
कोकणात या आणि मग बोला. जूनपासून कोपऱ्यात काळे ठिपके यायला लागतात, नुसत्या प्रायमरवर तर बघायलाच नको. पण पेंटवालेही ऐका, आम्ही महागातला पेंट मारला तरी डाग वर आला, कारण वरच्यांचं बाथरूम गळतंय. ३ वर्षं सांगतेय!

साइटवाला:
गच्चीची गळती सोसायटीने काढायची, बाथरूमची ज्याचं बाथरूम त्याने. बाय-लॉजमध्ये आहे. लेखी अर्ज द्या.

चिपळूणची सून:
दिले की, ४ दिले. वरचेच सेक्रेटरी आहेत, अर्ज कुणाकडे जातो सांगा? परवा मुलाच्या अंथरुणावर पोपडा पडला हो, आणि म्हणे पावसाळा संपू दे.

गिरणगाववाला:
विषय रंगाचा चाललाय, गळतीचा वेगळा धागा काढा.

चिपळूणची सून:
छताला ओल असताना रंगाचा विषय वेगळा कसा काढणार? तुमच्या डोक्यावर पडला असता तर असं बोलला असतात?

साइटवाला:
ताईंचं बरोबर आहे. आधी गळती थांबवा, स्लॅब पूर्ण सुकू द्या, मग डागावर ऑइल प्रायमर आणि त्यावर पेंट. पाण्यातला प्रायमर कितीही हात मारा, पिवळा डाग परत वर येतो. आणि गिरणगाववाले, स्टुलावर चढून एकदा छतावर हात फिरवा.

गिरणगाववाला:
फिरवला. बोटांना पांढरं लागतंय, मान्य. पंख्याभोवती काळपट गोलही दिसला, तोही पुसून जात नाहीये. पण रंगारी बोलावणार नाही, डबा आणून रविवारी मीच मारतो. आणि ताई, पोपड्याचं वाचून वाईट वाटलं, मघाशी तसं बोलायला नको होतं.