मुलांच्या लहान खोलीसाठी खणांचा किंवा पेटीचा पलंग : आपला अनुभव लिहावा

रंगकामासाठी काल मुलाच्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढला आणि त्याखालच्या फरशीवर खडूची एक रेघ जशीच्या तशी दिसली. नऊ वर्षांपूर्वी, पलंग करून घेण्याच्या आदल्या दिवशी, ती मीच आखली होती. पलंगाची पेटी थेट जमिनीला टेकलेली असल्याने तिथे आजवर झाडू किंवा फडके पोहोचलेच नव्हते.

खोली नऊ फूट लांब आणि आठ फूट रुंद. तीन फूट रुंदीचा पलंग लांब भिंतीला लावला आणि समोर दीड फुटाचे टेबल ठेवले, तर मधे साडेतीन फूट उरतात, एवढा हिशेब कागदावर झाला होता. पण जमिनीवर उघड्या खणांची रेघ ओढल्यावर लक्षात आले की, दोन फूट खोलीचा खण पूर्ण ओढल्यावर मुलाला बसायला दीडच फूट राहतो आणि पायथ्याकडचा खण उघडा असेल तर खोलीचे दार अर्ध्यावर अडते. म्हणून आम्ही दोन्ही खण उशाकडे घेतले आणि पायथ्याशी वरून फळी उचलायची पेटी केली. खणांत त्याचे कपडे आणि खेळणी, पेटीत जादा पांघरुणे. सहा वर्षांचा मुलगा स्वतःचे खण स्वतः उघडून आवरू लागला. पेटी मात्र वर्षातून दोनदाच उघडली जाते. माझ्या मते पलंगाखाली किती सामान मावते यापेक्षा ती जागा कोण उघडणार, हे आधी ठरवायला हवे. आपण काय निवडले आणि पुढे काय अनुभव आला, ते अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

आम्ही अख्खी फळी वर उचलली जाणारा, ज्याला सगळे हायड्रॉलिक म्हणतात तो पलंग घेतला. प्रत्यक्षात फळी वर ढकलणाऱ्या नळकांड्यांत दाबलेला वायू असतो आणि त्यांचा जोर फळी व गादी यांच्या एकत्रित वजनाच्या हिशेबाने ठरवलेला असतो, हे आम्हाला फार उशिरा समजले. काथ्याची जड गादी काढून हलकी फोमची गादी घातल्यावर फळी नीट बसेना. कडेला हात लावला की झटक्याने वर येई. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि एकदा फळी दाबून बसवताना तिची दोन बोटे कडेत सापडली. हाड वाचले, पण नखे काळीनिळी झाली आणि पुढे कित्येक दिवस ती त्या पलंगाच्या जवळ जाताना हात मागे घ्यायची. नंतर कमी जोराची नळकांडी बसवून घेतली. तरी खेळण्यांसाठी हा पलंग सोयीचा नाहीच, कारण बाहुली हवी असली तरी आईला हाक मारावी लागते, आणि आई कामात असेल तर आधीची खेळणी जमिनीवरच राहतात.

प्रतिसाद २

वाचूनच अंगावर काटा आला. मुलीची बोटे आता पूर्ण बरी असतील, अशी आशा आहे. मी एकच गोष्ट जोडते : उचलायच्या फळीला बाहेरून कडी किंवा खटका मुळीच लावू नये आणि पेटीच्या बाजूंना हवेसाठी भोके ठेवावीत. लपाछपीत मुलांना अशीच जागा सर्वांत आधी सुचते. आमचा धाकटा एकदा आत जाऊन बसला होता. फळी हलकी होती आणि मी त्याच खोलीत होते, म्हणून लगेच कळले.

प्रतिसाद ३

आमच्याकडे दोन मुले आणि एकच लहान खोली असल्याने खाली कपाट व अभ्यासाची जागा असलेला उंच पलंग करायचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. छत नऊ फुटांवर, गादीचा वरचा भाग पाच फुटांवर आणि पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली. मी शिडीवर चढून गादीच्या उंचीवर बसलो, हात वर केला आणि तो बेत तिथेच सोडला, कारण पंखा हलवायला दुसरी जागा नव्हती. शेवटी एकावर एक असे दोन पलंग केले, ज्यात वरची गादी बरीच खाली येते आणि पंख्यापासून अंतरही पुरेसे राहते; खालच्या पलंगाखाली खण दिले.

त्यातही एक चूक झाली. कठडा व्यवस्थित होता, पण पुढे वरची गादी आठ इंचांची आणली आणि कठड्याचा बराचसा भाग तिनेच व्यापला. अमेरिकेच्या सुरक्षा नियमात वरच्या पलंगाचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच वर असावा असे आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना वर झोपवू नये, असा इशाराही पलंगावर छापावा लागतो. म्हणजे कठड्याची उंची पलंगाच्या फळीपासून न मोजता गादी घालून मोजायची. आम्ही गादी परत बदलली.

शिवाय, मोठा तापाने फणफणलेला असताना रात्री तीनदा शिडी चढून त्याच्या कपाळावर पट्टी बदलावी लागली आणि ओली चादर काढताना एका हाताने कठडा धरावा लागला. मूल वारंवार आजारी पडत असेल, तर हे आधीच मनात घ्यावे.

प्रतिसाद ४

तापाचा मुद्दा अगदी पटला. आमच्या मुलीची गादी साधारण साडेतीन फुटांवर आहे, म्हणजे मी जमिनीवर उभी राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवू शकते. खाली उभे राहता येत नाही, पण बुटके कपाट आणि पुस्तकांची फळी बसते. कठडा यालाही हवाच.

प्रतिसाद ५

कोणीच ओलीबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमचा पेटीचा पलंग बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होता आणि वर सलग प्लाय होता. मुलाच्या पांघरुणांना कुबट वास येऊ लागला तेव्हा गादी उलटली, तर तिच्या खालच्या बाजूला, नेमके पाठ टेकते तिथे, मोहरीएवढे काळे ठिपके पसरलेले होते. झोपेत अंगातून निघणारी वाफ गादीतून खाली उतरते आणि सलग फळीवर अडून राहते. आम्ही प्लायला गिरमिटाने इंचभर व्यासाची भोके पाडली, पलंग भिंतीपासून दोन इंच पुढे घेतला आणि आठवड्यातून एकदा गादी दिवसभर उभी करून ठेवू लागलो. नव्याने घेणाऱ्यांनी पट्ट्यापट्ट्यांचाच तळ घ्यावा. मुलाला दम्याचा किंवा धुळीचा त्रास असेल, तर पलंगाखालची जागा दर आठवड्याला पुसता येईल अशी हवी. त्यासाठी चाकांवर पूर्ण बाहेर येणारे सुटे खण बरे पडतात.

प्रतिसाद ६

चाकांचे खण आणि चॅनेलवरचे, म्हणजे बाजूच्या धातूच्या सरकत्या पट्ट्यांवर चालणारे खण यांत फरक पुष्कळ आहे. फरशी समपातळीत नसेल तर चाकांचा खण तिरका चालतो आणि कोपऱ्यात अडतो. चॅनेलचा खण हलका चालतो, पण चॅनेल पूर्ण उघडणारे नसले तर मागचा भाग आतच राहतो आणि तिथली वस्तू वर्षभर सापडत नाही. पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा पलंग घर बदलताना एकदा सुटा करून जोडला की तेच स्क्रू पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत. आमचा दुसऱ्या वेळी कुरकुरू लागला.

प्रतिसाद ७

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या मापाचा लहान पलंग घ्यावा की पूर्ण लांबीचा, या विचारात आहे. खण तिला ओढता येतील का?

धागाकर्ती

ताई, पलंग पूर्ण लांबीचाच घ्यावा; लहान मापाचा दोन-तीन वर्षांत अपुरा पडेल आणि त्याखाली जागाही कमी मिळेल. सध्या उंची कमी ठेवावी आणि उघड्या बाजूला काढता येणारा कठडा लावून घ्यावा. खणांविषयी म्हणाल, तर बनवणाऱ्याकडे जाताना मुलीला सोबत न्यावे, खणात तिची पुस्तके भरून ठेवावीत आणि तिला ओढायला सांगावे. रिकामा खण कोणतेही मूल ओढते. आमच्या मुलाकडून पहिला नमुना भरलेला असताना हललाच नव्हता, म्हणून एका रुंद खणाचे दोन अरुंद खण करून घेतले आणि मुठीऐवजी वरच्या कडेला हात घालण्याइतकी खाच ठेवली.