फ्लोराइडचा लेप मुलांच्या दातांना लावू द्यावा की नाही?

नाशिककर_आई

काल आमच्या पालकांच्या गटात एक मजकूर फिरत आला. शाळेतील दंततपासणीत मुलांच्या दातांना लावले जाणारे फ्लोराइड हे विष आहे, अमेरिकेनेही त्यावर बंदी घातली आहे आणि म्हणून संमतिपत्रावर कोणीही सही करू नये, असा त्याचा आशय होता. अर्ध्या तासात अकरा पालकांनी नकार कळवला. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

अमेरिकेतील युटा राज्याने २०२५ मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली, हे खरे आहे. पण ती बंदी पाण्यापुरती आहे. दंतवैद्य दातांवर वार्निशचा जो लेप लावतात, त्याच्याशी तिचा संबंध नाही. आपल्या नळाच्या पाण्यात तर कोणी फ्लोराइड मिसळतच नाही. मग ही बातमी नाशिकच्या पालकांना घाबरवण्यासाठी का वापरली जाते?

माझी मोठी मुलगी रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असे. दुधाचे दात पडणारच आहेत, असे घरातील सगळी वडीलधारी मंडळी सांगत होती आणि मी ऐकत होते. चार वर्षांची होण्याआधीच तिचा उजवा गाल सुजला, सलग तीन रात्री ती रडून जागी राहिली आणि खालच्या दोन दाढांचे रूट कॅनाल करावे लागले. पुढे वर्षभर ती पोळी दुधात कुस्करूनच खात होती. धाकट्याला मात्र दोन वर्षांचा झाल्यापासून दर सहा महिन्यांनी लेप लावून घेतला. डॉक्टर कापसाने दात कोरडे करतात आणि एवढ्याशा ब्रशने पिवळसर, चिकट थर फिरवतात. लाळ लागताच तो थर घट्ट होतो. त्या दिवशी मुलाला गरम किंवा कडक काही द्यायचे नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत दात घासायचे नाहीत, इतकेच पथ्य असते. तो आता सात वर्षांचा आहे आणि त्याच्या एकाही दाताला कीड नाही.

केळापूर

ताई, आपल्या मुलीला झालेला त्रास वाचून वाईट वाटले. परंतु फ्लोराइड हा शब्द ऐकताच आमच्या अंगावर काटा का येतो, हे नाशिकमध्ये बसून आपल्याला कळणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या गावात हापशाच्या पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले होते आणि आपल्या देशाच्या मानकाची कमाल मर्यादा १.५ आहे. माझ्या पिढीतील निम्म्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. माझे काका पंचावन्नाव्या वर्षी पाठीतून असे वाकले, की मान वर करून समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे त्यांना जमत नसे. लग्नाच्या बोलणीत मुलीला हसू नकोस, असे सांगितले जाई. त्या पदार्थाचा एक थेंबही मुलांच्या तोंडात जाऊ नये, असे मला वाटते आणि त्यासाठी मला कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

दंतवैद्य_सातारा

केळापूर यांच्या काकांना जे झाले त्याला हाडांचा फ्लोरोसिस म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. तो त्रास खरा आहे, भयंकर आहे आणि त्याविषयी कोणताही दंतवैद्य वाद घालणार नाही. परंतु तो वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडचा परिणाम आहे. लेप दाताच्या बाहेरून काम करतो. खाल्ल्यानंतर जंतू आम्ल तयार करतात, तोंडातील सामू (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या वरच्या टणक आवरणातील, खनिज विरघळू लागते आणि लाळ ते हळूहळू परत बसवते. त्या वेळी दाताच्या पृष्ठभागावर फ्लोराइड असेल, तर परत बसणारे खनिज जास्त टणक होते आणि सामू सुमारे ४.५ पर्यंत उतरला तरी तग धरते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात २२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. वार्निशमुळे पक्क्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांची ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले.

आता मात्रेचा हिशेब मांडतो. वार्निशमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइड असते. लहान मुलाच्या सगळ्या दातांना पाव मिलिलिटर पुरते आणि त्यात साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असते. समजा ते सगळे गिळले गेले, तरी केळापूर यांच्या हापशाचे जवळपास दोन लिटर पाणी पिण्याइतकेच झाले. त्यांच्या गावातील मूल ते दोन दिवसांत पिते आणि वर्षाचे ३६५ दिवस पीत राहते. लेप वर्षातून दोनदा, फार तर चारदा लावला जातो.

रानवेध

डॉक्टरसाहेब, टक्केवारी आपण उत्तम मांडली. माझ्या भाच्याच्या शाळेत शिबिर झाले, तेव्हा घरी एक कागदही आला नाही. मूल संध्याकाळी परतले, तर पुढचे दोन दात शाईसारखे काळे. आई हादरली. शाळा म्हणाली फ्लोराइड लावले आहे, शिबिरवाले म्हणाले जाईल हळूहळू. आज आठ महिने झाले, डाग तसाच आहे आणि वर्गातील मुले त्याला नावे ठेवतात. शिबिरात छायाचित्रे निघतात, आकडे वर कळवले जातात आणि आईवडिलांना विचारण्याची गरज कोणालाही वाटत नाही. असे असताना लोकांनी विश्वास का ठेवावा?

दंतवैद्य_सातारा

रानवेध, आपण सांगता ते वार्निश नव्हे. ते सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असणार. ते आधीच किडलेल्या दातावर लावतात, त्यातील चांदीमुळे किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि कीड बहुधा तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. ड्रिल न वापरता, भूल न देता लहान मुलाचा दात त्याने वाचू शकतो. परंतु डाग पडणार हे आईला आधी सांगून तिची संमती घेतल्याशिवाय ते लावणे ही सरळ चूक आहे आणि डाग जाईल असे सांगणे ही त्याहून मोठी चूक आहे. माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने इथे बचाव करण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

केळापूर

डॉक्टर, आपण माझ्या गावाचे पाणी हिशेबाला घेतले, ते मला झोंबले. दोन लिटर पाण्याइतकेच, असे आपण सहज लिहून गेलात. त्या पाण्याने माणसे वाकली! ज्यांच्या पोटात आधीच रोज जास्तीचे जाते, त्या मुलांना वरून आणखी कशासाठी? आपल्या शिबिरात पाणी कोठले पिता, हा प्रश्न कोणी कधी विचारला आहे का?

भूजल_निवृत्त

मी अनेक वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात होतो. चर्चा पाण्यावर आलीच आहे, तर एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. फ्लोराइड खडकातून येते आणि पाणी खडकात जितके जास्त काळ मुरते तितके ते वाढते. १९७२ च्या दुष्काळानंतर आपण गावोगावी विंधन विहिरी खोदल्या. तहान भागली, परंतु लोक उघड्या विहिरीचे उथळ पाणी सोडून खोल खडकातील पाणी पिऊ लागले, आणि पाण्याला रंग, वास, चव काहीच नसल्यामुळे कोणाला शंका आली नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली. पद्धत चांगली आहे, पण रोज माप घेऊन तुरटी टाकायला आणि साचलेला गाळ काढायला माणूस लागतो. मी पाहिलेल्या एका गावात संयंत्राचे उद्घाटन झाले, दोन पावसाळे ते चालले आणि नंतर त्या खोलीत सरपण ठेवले जाऊ लागले. ज्या गावांनी जुनी विहीर उपसून पुन्हा वापरात आणली, तिथे काम टिकले.

नाशिककर_आई

भूजल यांचे लिखाण मोलाचे आहे, परंतु माझा प्रश्न उद्या सही करायची की नाही असा होता आणि तो बाजूला पडला आहे. विदर्भातील खडकामुळे नाशिकच्या मुलाने दात का किडवून घ्यावेत? आमच्याकडे धरणाचे पाणी येते.

केळापूर

आपला प्रश्न बाजूला पडला, याचे आपल्याला वाईट वाटते. आमचे पाणी पन्नास वर्षे बाजूला पडले आहे.

दंतवैद्य_सातारा

केळापूर, माझा शब्द चुकला. तुलना करताना मी त्या पाण्याला क्षुल्लक ठरवले, असे वाचताना वाटते. ते क्षुल्लक नाही, हेच मला सांगायचे होते. आपला प्रश्नही रास्त आहे. दातांवरचे पट्टे दात जबड्यात घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे येतात. म्हणून अशा गावात आधी पाणी बदलले पाहिजे आणि लहान मुलाच्या ब्रशवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घेतली पाहिजे. लेपाबाबत माझे मत मी बदलत नाही, कारण पट्टे असलेले दातही किडतात आणि तसे दात मी दर महिन्याला पाहतो. तसेच ज्या मुलाला मुळात कीड लागण्याचा धोका कमी आहे, त्याला लेपाचा फायदाही कमी होतो. सरसकट सगळ्यांना लावत सुटण्यापेक्षा ज्यांचे दात किडू लागले आहेत त्यांना वेळेवर लावावा. मात्र आमच्या तपासणी अर्जावर पाण्याचा रकाना नाही, हे मी आज पहिल्यांदा लक्षपूर्वक पाहिले.

रानवेध

वार्निश आणि तो काळा डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मी मान्य करतो. माझी तक्रार संमतीची आहे आणि ती कायम आहे.

नाशिककर_आई

संमतीची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. मी आज शाळेला पत्र दिले. कोणते औषध लावणार, त्याने डाग पडतो का, मुलाला लेपातील राळेची (झाडाच्या चिकाची) किंवा अन्य कशाची ॲलर्जी आहे का आणि घरी पाणी कोठले येते, हे चार प्रश्न अर्जावर मराठीत छापावेत, असे त्यात लिहिले आहे. त्या अकरांपैकी तीन पालकांनी पत्रावर सही केली. बाकीचे अजून नकारावर ठाम आहेत.

केळापूर

माझ्या पुतणीला सहा वर्षे पूर्ण झाली आणि मागची पक्की दाढ नुकतीच वर येत आहे. ती पुण्यात राहते, पण सोसायटीला पाणी बोअरचे आहे. डॉक्टरांचे सगळे पटलेले नाही. तरी भावाला आज सांगितले, की आधी पाणी तपासायला दे. अहवालात फ्लोराइडचा आकडा लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या खाली आला, तर लेपाला मी विरोध करणार नाही. जो आकडा येईल तो इथे लिहीन.