मदत हवी आहे: जुन्या वॅगनआरच्या रेडिएटरमध्ये गंजाचं पाणी. कूलंट कोणतं, किती आणि कसं बदलायचं?

अंबडवाला:
गाडी वॅगनआर, २००७, पेट्रोल, १०६१ सीसी. रेडिएटरमधलं पाणी गंजून तपकिरी झालंय. आधीच्या मालकाने बहुतेक बोअरचं पाणीच वापरलेलं दिसतंय. शहरात तापमानाचा काटा मधोमध असतो, पण कसारा घाट एसी लावून चढताना पाऊणपर्यंत जातो, उतार लागला की खाली येतो. पाणी कमी होत नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे. नाशिकमधल्या द्वारकाजवळच्या दुकानात हिरवं, लाल आणि निळं अशी तीन कूलंट दाखवली. मेकॅनिक म्हणतो हिरवंच टाका. घरी बदलायचा विचार आहे. कोणतं घेऊ, किती लागेल, आणि आधी आतलं साफ कसं करू?

पाना_बारा:
रंग बाजूला ठेवा. रंग म्हणजे फक्त टाकलेला डाय, प्रत्येक कंपनीचा वेगळा. डब्याच्या मागे दोन गोष्टी शोधा: इथिलीन ग्लायकॉल बेस आणि आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ हे मानक. त्यानंतर प्रकार. जुन्या पद्धतीचं अजैविक इनहिबिटरचं (गंजरोधक घटकांचं) कूलंट साधारण २ वर्षं किंवा ४०,००० किमी टिकतं. ऑर्गॅनिक अॅसिडवालं ५ वर्षांच्या आसपास चालतं. तुमच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं, डिझाइन जपानी, त्यामुळे फॉस्फेट असलेलं आणि सिलिकेट नसलेलं ऑर्गॅनिक कूलंट उत्तम. ते मिळालं नाही तर मानक छापलेलं चांगलं हिरवंही चालेल, फक्त दर २ वर्षांनी न विसरता बदला. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. इनहिबिटर निकामी होतात, काही जोड्यांमध्ये जेलीसारखा गाळ धरतो आणि तो हीटर कोअरमध्ये (गाडीत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) अडकतो.

डब्यावर 'रेडी टू यूज' आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं), हे नीट वाचा. रेडी टू यूजमध्ये पाणी घालायचं नाही. तुम्ही मात्र कॉन्सन्ट्रेटच घ्या, कारण धुतल्यावर आत पाणी उरतंच.

तेलपाणी:
किती लागेल याचं उत्तर बहुतेक जण चुकीचं देतात, म्हणून थोडं सविस्तर. हिशेबाला एकूण क्षमता ४ लिटर धरू (नेमका आकडा ओनर मॅन्युअलमध्ये असतो). रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की साधारण अडीच लिटरच बाहेर येतं. उरलेलं दीड लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं, कारण इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (तापल्यावरच उघडणारा वॉल्व्ह) बंद असतो. आता अडीच लिटर रेडी टू यूज (निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी) ओतलंत, तर त्यात ग्लायकॉल सव्वा लिटर. म्हणजे ४ लिटरमागे ३१ टक्के. ३० च्या खाली गंजरोधक घटकही पुरेसे उरत नाहीत, आणि तुम्ही अगदी त्या काठावर येता. त्याऐवजी आधी २ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, वरची जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. मिश्रण बरोब्बर निम्मं-निम्मं होतं. आपल्या थंडीला एवढं ग्लायकॉल लागत नाही. निफाडला पारा ५ च्या खाली गेला तरी ४० टक्क्यांत भागतं, म्हणजे १.६ लिटर. काही स्वस्त डब्यांवर एकास तीन लिहिलेलं असतं, ते पाळू नका, ते २५ टक्केच होतं.

आता धुणं. इंजिन पूर्ण थंड, हीटरचा नॉब शेवटपर्यंत गरमवर, झाकण उघडं, मग प्लग उघडून घमेल्यात पाणी काढा. प्लग बंद करून साधं पाणी भरा, इंजिन चालू करा आणि वरचा होस पाईप चटका लागण्याइतका गरम होईपर्यंत थांबा. तेव्हाच थर्मोस्टॅट उघडून ब्लॉकमधलं पाणी फिरलेलं असतं. बंद करून थंड होऊ द्या, काढा. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, हेड वाकतं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. धुण्याला गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चालेल, बोअरचं नको. शेवटच्या दोन खेपा मात्र डिस्टिल्डच्या, म्हणजे ५ लिटरचा एक कॅन त्यातच जातो. दोन खेपांनंतर नळाचं पाणी १४ टक्क्यांच्या आसपास उरतं. आरओचं पाणी डिस्टिल्डच्या जागी धरू नका, त्यात क्षार उरतात.

रेडिएटरवाले अॅसिड घालून देतात, ते अजिबात करू देऊ नका. अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

अंबडवाला:
हे फार उपयोगी आहे. एक भीती आहे: गंज धुतला की गळती सुरू होते असं ऐकलंय. आणि घाटाचं काय?

पाना_बारा:
ऐकलंय ते बरोबर आहे. पातळ झालेल्या जागी गंजच बूच होऊन बसलेला असतो. पण ती गळती कधीतरी येणारच होती, घाटात येण्यापेक्षा दारात आलेली बरी. वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून ओल दिसली तर पंप बदला. गळती बंद करणारी पावडर टाकू नका, ती हीटर कोअरही बंद करते. होस दाबून पाहा: करकरतो, किंवा क्लिपजवळ फुगलाय, तर याच वेळी बदला. प्लगची रबर रिंग नवीनच टाका.

रेडिएटरचं झाकणही बदला. जुन्यावर छापलेला दाब पाहून तोच घ्या, साधारण ०.९ बार असतो. आपण समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहोत. उघड्यावर साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने दाब धरला तर तेच ११५ च्या पुढे जातं, ग्लायकॉलने आणखी. इंजिन थंड झाल्यावर वरचा होस चपटा झालेला दिसला, तर झाकणातला उलटा वॉल्व्ह अडकलाय.

घाटरस्ता:
घाटाबद्दल. सिग्नलला काटा चढत असता तर फॅन किंवा त्याचा स्विच पाहायला सांगितलं असतं. चढावर चढून उतारावर उतरतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये टॉर्च मारा, धूळ आणि किडे तिथेच बसतात. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने पापुद्रे वाकतात. तरी फरक नाही, तर नळ्यांत क्षार आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीभर मोजा, मधेच थंड पट्टा सापडला तर नळ्या बंद आहेत आणि रेडिएटर बदलावा लागेल. हात लावून पाहू नका, काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही फॅन सुरू होतो.

थर्मोस्टॅट 'काढूनच टाकू' असं कोणी म्हणालं तर नकार द्या. इंजिन सतत गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीजही वाढते. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून पाहा: त्यावर ८२ छापलं असेल तर तिथे उघडायला लागून ९५ च्या सुमारास पूर्ण उघडलं पाहिजे.

निफाडकर:
मध्येच विचारतो. जुन्या जीपला तांब्या-पितळेचा रेडिएटर आहे. तिलाही हेच ऑर्गॅनिक टाकू का?

तेलपाणी:
नको. त्या रेडिएटरचे सांधे शिशाच्या डागाचे (सोल्डरचे) असतात आणि काही ऑर्गॅनिक कूलंट त्या डागाला सोसत नाहीत. जुन्या पद्धतीचं हिरवं टाका, २ वर्षांनी बदला.

अंबडवाला, भरल्यावर हवा काढणं विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, झाकण उघडं, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. वरचा होस जाड कापडाने धरून दाबत राहा, बुडबुडे येतील. फॅन दोनदा सुरू होऊन बंद झाला आणि हीटरमधून सतत गरम हवा आली की झालं. पातळी उतरेल तसं भरत जा, मग झाकण लावा. ओव्हरफ्लो बाटली लो आणि फुलच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहा, थोडी उतरलेली असतेच. बुडबुडे थांबतच नसतील आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासा.

पाना_बारा:
काढलेलं पाणी गटारात ओतू नका, ते नासर्डी नदीतून गोदावरीत जातं. आणि घमेलं उघडं ठेवू नका: ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा, घेत असतील तर त्यांच्याकडे द्या.