लॅब, बीगल की दत्तक? ठाण्यात फ्लॅट आणि घरात चार मतं

मानपाड्याची_मधुरा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, २ बीएचके, चौदावा मजला. मी नोकरीला घाटकोपरला, नवरा ऐरोलीला, मुलगा नऊ वर्षांचा आणि सासूबाई. कुत्रा आणायचं गेले सहा महिने चाललंय आणि प्रत्येकाचं तुणतुणं वेगळं. मुलाला हस्की हवाय, रील्स बघून. नवऱ्याला लॅबच (लॅब्राडोर) पाहिजे कारण लहानपणी साताऱ्याच्या घरी होता (तिथे अंगण होतं, आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, हे दहादा सांगून झालं). मला साइज बघून बीगल बरा वाटतो. आणि ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात की विकत कसला घेतेस, दत्तक घे.

आता दिराने कल्याणच्या पुढचा एक ब्रीडर शोधलाय. लॅबचं पिल्लू, विदाउट पेपर १२ हजार आणि विथ पेपर २५. म्हणतो ३५ दिवसांचं आहे, हेवी बोन (जाड हाडापेराचं) आहे, आत्ताच न्या म्हणजे लळा लागतो, उशीर केला तर लागत नाही. घरी यायची गरज नाही, मी माजिवड्याला आणून देतो, फक्त ५ हजार आधी जीपे करा. नवरा निम्मा तयार आहे. मला का कोण जाणे धाकधूक वाटतेय.

तर कुठली जात घ्यावी, ब्रीडर की शेल्टर, आणि हा भाव बरोबर आहे का? शिवाय सेक्रेटरी म्हणालेत की कुत्रा लिफ्टमध्ये चालणार नाही, जिन्याने न्या. चौदावा मजला!!

नेरूळचा_नंदू

ताई, पैसे पाठवू नका. बाकीचं नंतर वाचा आधी हे वाचा.

२०२१ मध्ये आम्ही डिट्टो हेच केलं. बीगल. तो माणूस वाशीला पुलाखाली गाडी घेऊन आला, मागच्या सीटवर चपलांच्या खोक्यात पिल्लू. आई कुठाय विचारलं तर म्हणे तिला दुसऱ्या जागी ठेवलंय, व्हिडिओ पाठवतो. तो व्हिडिओ आजतागायत आलेला नाही. मुलीने तर गाडीतच नाव ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची शी, आणि तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांना धरणारा व्हायरस. डॉक्टर म्हणाले लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात म्हणजे ते येतानाच घेऊन आलं होतं. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइन, बिल ३१ हजार, आणि सातव्या दिवशी गेलं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला तुम्ही काहीतरी खायला घातलं असेल. नंतर नंबर बंद.

वर डॉक्टरांनी सांगितलं की हा व्हायरस घरात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि वर्षभर लस न झालेलं पिल्लू आणू नका. मुलगी आठ वर्षांची होती, तिला काय सांगायचं ते कळेना.

३५ दिवसांचं पिल्लू म्हणजे त्याची पहिली लससुद्धा झालेली नसते, ती साधारण दीड महिन्याला देतात. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे २०१७ चे सरकारी नियम आहेत, त्यांप्रमाणे दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. लळाबिळा सगळं थाप आहे, लवकर खपवलं की त्याचा दुधाचा आणि खाण्याचा खर्च वाचतो एवढंच.

लॅबवाले_काका

मी गेली बावीस वर्षं लॅब पाळतोय, आत्ता तिसरी आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी असेल हे आधीच कबूल करतो. पण सगळे ब्रीडर चोर असं म्हणून मोकळं होऊ नका. खोक्यातून पिल्लू विकतो तो ब्रीडर नाही, दलाल आहे.

खरा ब्रीडर कसा ओळखायचा तर तो तुम्हाला घरी बोलावतो, पिल्लं आईसोबत दाखवतो, आणि तुमचीच उलटतपासणी घेतो. माझ्या दुसऱ्या कुत्रीच्या वेळी त्या बाईंनी मला विचारलं होतं की गावाला जाता तेव्हा हिला कुठे ठेवणार, आणि माझं उत्तर पटलं नाही म्हणून दोन महिने थांबवलं. तेव्हा राग आला होता. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का विचारा, ती सक्तीची आहे. मादी दीड वर्षाच्या आतली किंवा आठ वर्षांच्या वरची नको, आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त नकोत, पिल्लाला मायक्रोचिप आणि लसीची नोंद हवी, हे सगळं त्याच २०१७ च्या नियमांत आहे. पाळतं कोण हा वेगळा विषय.

आता पेपर. केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर म्हणजे वंशावळ, आजोबा कोण पणजी कोण. तब्येतीची गॅरंटी नाही. लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार आईबापांकडून येतो, म्हणून दोघांच्या खुब्याचे एक्सरे मागा. दहातले नऊ जण तोंडाकडे बघत बसतील. दहावा सापडला तर त्याच्याकडे नंबर लावा. आणि हेवी बोन हेवी बोन जे चाललंय ना, अहो तेच वजन मग सहाव्या-सातव्या वर्षी त्या सांध्यांवर येतं.

जातीचं थोडक्यात सांगतो. हस्की सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला तयार झालेलं जनावर, दोन थरांची लोकर, त्याला मे महिन्यात घोडबंदरला ठेवणं म्हणजे स्वेटर घालून चुलीपुढे बसवणं. मुलाला समजवा. बीगल दिसायला लहान पण तो सशांच्या मागे वासावर टोळीने धावणारा शिकारी, एकटा पडला की भुंकत नाही, गळा काढतो, तो चौदाव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ऐकू जातो. नाकाला वास लागला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. पग कोणी सुचवेल तर नको म्हणा, कुत्रा धापा टाकून अंग गार करतो आणि पगच्या चपट्या नाकाला नेमकं तेच जमत नाही. लॅब स्वभावाने सोनं, फ्लॅटमध्ये राहतो, पण मोठा झाल्यावर तीस किलो, पहिली दोन वर्षं चपला-सोफा-रिमोट सगळं चावणार, भूक कधी भागत नाही आणि वर्षातून दोनदा इतके केस गळतात की आमटीत सापडतात.

आपल्या मातीतला कारवान पण सुंदर असतो, पण तो धावणारा कुत्रा, त्याला शेत पाहिजे. फ्लॅटमध्ये नको.

कोपरी_एक्सप्रेस

मांजर घ्या. विषय संपला.

खारघर_फॉस्टरवाली

मी दत्तकवाली आहे पण मैत्रिणी सांगतात तितकं सोपं नाही ते, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे शेल्टर म्हटलं की लोकांना फक्त रस्त्यावरची पिल्लं वाटतात. माझ्याकडे गेल्या चार वर्षांत जी फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) आली त्यात सहा लॅब किंवा लॅब मिक्स, दोन हस्की (दोघांना त्वचेचे आजार, काकांनी लिहिलंय तेच कारण), एक डोळा गेलेली शिह त्झू जिला बहुतेक वेतांसाठी वापरून सोडून दिलं होतं. एक लॅब तर पाम बीच रोडला सिग्नलपाशी बांधलेला सापडला, गळ्यात चांगला पट्टा, शेजारी पाण्याचं भांडं. भांडं ठेवणाऱ्याला नक्की काय वाटलं असेल याचा मी अजून विचार करते.

दुसरं, इंडी (आपला देशी, रस्त्यावरचा कुत्रा) म्हणजे फुकटात आजार नसलेला कुत्रा हे अर्धं खरं. हवा मानवते, खर्च कमी, शहाणे असतात. पण रस्त्यावरच्या पिल्लालाही पार्व्हो होतो, डिस्टेंपर होतो, विकत घेतलेल्याला होतो तसाच. आणि भूतकाळ माहीत नसतो. माझी स्वतःची इंडी पहिले चार महिने झाडूवाल्याला बघितलं की पलंगाखाली मुतायची. पाहुणे आले की भुंकून घर डोक्यावर घ्यायची. आता माझ्या उशीवर झोपते, पण ते चार महिने मी दोनदा रडलेय.

म्हणून नोकरीवाल्या घराला माझं एकच सांगणं असतं, पिल्लू नका घेऊ. विकतचंही नको, फुकटचंही नको. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन तासांनी शू करतं आणि सहा महिने तुमचं सगळं घर ओलं असतं. त्यापेक्षा दोन-चार वर्षांचा कुत्रा बघा. तो किती मोठा होणार, केस किती गळतात, लहान मुलं चालतात का, लिफ्टला घाबरतो का, हे सगळं फॉस्टर सांगू शकतो कारण तो त्याच्या घरात राहिलेला असतो. पिल्लाच्या बाबतीत ते ब्रीडरलाही माहीत नसतं, तो फक्त अंदाज सांगतो.

आम्ही फॉर्म भरून घेतो, घर बघायला येतो, बाल्कनीला जाळी आहे का बघतो, नसबंदी झालेली नसेल तर लिहून घेतो. लोक म्हणतात कुत्रं देताय का मुलगी. देणगी मागतो तीही लस-नसबंदीच्या खर्चापुरती. पण कोणी "दत्तक" म्हणून दहा-पंधरा हजार मागत असेल तर ती विक्रीच आहे, सावध.

हायवे_वॉकर

लिफ्टचं सांगतो. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक आहे, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, पण गोडीत द्या, वर्षानुवर्षं त्यांच्याच शेजारी राहायचंय. सोबत महापालिकेचा परवाना काढा, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. आणि शी उचलायची पिशवी खिशात नसेल तर कायदा दाखवायला जाऊ नका.

अवांतर: येऊरच्या जंगलात फिरायला न्याल तर अंधार पडायच्या आत परत या, पट्टा सोडू नका. बिबट्याला लॅब आणि इंडीत फरक कळत नाही. पावसाळ्यात गोचीड आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), लेप्टोची लस दरवर्षी.

वसंतविहारच्या_मावशी

मधुरा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मुलाला काय हवं, नवऱ्याला काय, तुला काय, दीर काय म्हणतो, ऑफिसातल्या बायका काय म्हणतात, सेक्रेटरी सुद्धा आला. दिवसभर घरी कोण असणार? सासूबाई. त्यांचं मत कुठे आहे?

मी स्वतः सासू आहे म्हणून विचारते हो. मुलाने सरप्राइज म्हणून लॅब आणला. सरप्राइज माझं होतं, मुलगा-सून नऊला गेले की सातला यायचे. गुडघे दुखत असताना शू पुसत फिरायचे आणि एकदा उपवनला त्याने कबुतर बघून असा हिसका दिला की मनगट फ्रॅक्चर. कुत्रा वाईट नव्हता गं, माझा जीव होता त्याच्यावर, गेल्या वर्षी तेरा वर्षांचा होऊन गेला. पण विचारायला हवं होतं.

मानपाड्याची_मधुरा

मावशी, तुमची पोस्ट वाचून खरंच ओशाळल्यासारखं झालं. गृहीतच धरलं होतं.

रात्री जेवताना विचारलं. आधी म्हणाल्या तुमचं काय ते ठरवा, माझं काय. मग भांडी घासताना मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या पिल्लू नको, मी लादी पुसणार नाही. ओढणारा नको. दुपारी दोन ते चार मी झोपते तेव्हा भुंकणारा नको. मादी असली तर बरी. आणि मटण घरात नेहमीसारखंच होईल, तिला वेगळं काही शिजवायला सांगू नका. एवढं सगळं तयार होतं म्हणजे बाई सहा महिने विचार करत होत्या आणि आम्हाला पत्ता नाही!

ब्रीडरला नाही कळवलं. तो म्हणाला दुसरी पार्टी तयार आहे, मग रात्री साडेअकराला ८ हजारात देतो म्हणून मेसेज. दीर रुसलाय. मुलगा पण, पण त्याला हस्कीचे त्वचेचे फोटो दाखवल्यावर गप्प झाला.

@खारघर_फॉस्टरवाली, तुमच्याकडची ती चार वर्षांची लॅब मिक्स मादी, जिचे फोटो तुम्ही मला मेसेजमध्ये पाठवलेत, तिला बघायला रविवारी येऊ का? आधी दोन आठवडे फॉस्टर म्हणून ठेवलं तर चालेल ना, जमलं नाही तर? नवरा म्हणतो अर्धी तरी लॅब आहे. एक विचारायचं राहिलं, खारघर ते ठाणे गाडीत नीट बसते का ती?

खारघर_फॉस्टरवाली

या. अकरानंतर या, ती तोपर्यंत झोपलेली असते. दोन आठवडे काय, महिना ठेवा, मी परत घेईन, तेच बरं असतं दोघांना.

गाडीत शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ती ओकते. त्या दिवशी सकाळी मी खायला देणार नाही, तुम्ही मागच्या सीटवर जुनी चादर टाका आणि पेपर रोल ठेवा. आणि सासूबाईंना नक्की आणा, मला त्यांना पट्टा हातात देऊन खाली एक चक्कर मारायला लावायचीय.