मदत हवी: पिकअपमधे डोक्यावर स्विच पॅनल अन् जास्तीचे लाईट, वायरिंग कशी करू?

कॅरेटवाला:

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. आपल्याकडे २०१९ ची बोलेरो पिकअप आहे, सिंगल केबिन, एमएच ४० पासिंग. काटोलकडच्या बगीच्यातला संत्रा कळमन्याच्या मार्केटला आणतो. आंबिया बहार लागला की ऑक्टोबर ते डिसेंबर हेच काम, तोडा होऊन कॅरेट भरेपर्यंत अंधार पडतेच अन् मग काटोल रोडनं रात्री निघा. कधी रोही (नीलगाय) आडवा येईल सांगता येत नाही, त्यात डिसेंबरचं धुकं. म्हणून मागच्या सीझनला बंपरवर दोन फॉग, केबिनवर एक लांब एलईडी बार अन् हौद्यात माल भरायला दोन लाईट लावून घेतले.

ज्यानं लावले त्यानं बॅटरीवरून एकच बारीक वायर आत घेतली, ना फ्यूज ना रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सगळे जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले. मला तेव्हा काय समजते, लाईट लागले, पैसे दिले, खुश. एका रात्री फेटरीच्या जवळ प्लास्टिक जळाल्याचा वास आला अन् डॅशबोर्डखालून धूर. बाबा सोबत होते, त्यांनी उतरून बोनेट उघडलं अन् दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचा टर्मिनलच काढून टाकला. पाना सीटखाली होता म्हणून, नाहीतर मागे ऐंशी कॅरेट अन् समोर आग. सकाळी पाहिलं तं इंजिनकडून केबिनमधे वायर येते तिथं पत्र्याला रबरच नव्हतं, घासून घासून वायर उघडी पडलेली.

आता सगळं काढून टाकलं अन् स्वतःच करतो म्हटलं. स्विच डॅशबोर्डखाली नको आहेत, गुडघा लागते अन् रात्री चाचपडावं लागते. दोन सनवायझरच्या मधात छताला छोटा डबा लावून त्यात चार रॉकर स्विच, असं डोक्यात आहे. पण प्रश्न लय आहेत. वाडीला एक वायरिंगवाला म्हणते रिले कशाला, मोठ्या अँपिअरचा स्विच घे अन् डायरेक्ट जोड, दुसरा म्हणते रिलेशिवाय मी हातच लावत नाही. कोणाचं ऐकू? वर छतापर्यंत वायर कुठून नेऊ? अन् हौद्यातला लाईट चाबी बंद असतानाही लागला पाहिजे, कारण भरताना इंजिन बंदच असते, पण तो दोनदा चालू राहून गेला अन् सकाळी गाडी धक्क्यावर. त्याचं काय करावं?

बारा_व्होल्ट:

तुमच्या बाबांना आधी नमस्कार सांगा, टर्मिनल काढायचं सुचलं ते बरं झालं. दुसऱ्या वायरिंगवाल्याचं ऐका. डायरेक्ट जोडलं तर लाईटचा सगळा करंट बॅटरीवरून छतापर्यंत आणि तिथून परत बंपरपर्यंत फिरणार, सात मीटर वायर सहज झाली. १ स्क्वेअर एमएमची वायर असेल आणि ६ अँपिअर ओढले तर पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमधेच जातो, लाईट मंद, वायर गरम, वर स्विचही तापतो आणि तो तुमच्या डोक्यावर. रिले लावला की छतापर्यंत फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो साधारण पाव अँपिअरच्याही आत असतो. ०.५ ची बारीक वायर पुरते.

साध्या चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारा करंट, ८७ वरून लाईटला, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, त्यातला एक पाय बॉडी अर्थला (गाडीच्या पत्र्याला) आणि दुसरा स्विचकडून. स्विचला करंट चाबीवरचा द्या म्हणजे चाबी काढली की समोरचं सगळं आपोआप बंद.

मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज लाईट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, तो दोन मीटरवर लावला तर मधली दोन मीटर वायर तशीच उघडी. आणि घराच्या फिटिंगची वायर वापरू नका, गाडीची वेगळी मिळते, बारीक तारा जास्त असतात म्हणून हादऱ्यानं तुटत नाही. लाईट एकूण किती अँपिअर घेतात ते मोजलं आहे का?

कॅरेटवाला:

मोजलं नव्हतं, आज मोजलं. मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून एकेक लाईट वेगळा लावला. बारच्या डब्यावर ३०० वॅट लिहिलं आहे अन् मीटरवर आले ५.८ अँपिअर, म्हणजे सत्तर-बहात्तर वॅट. काय बोलावं आता. दोन्ही फॉग मिळून ४.६, हौद्यातले दोन मिळून २.५. सगळं धरून १३ च्या आत.

बारा_व्होल्ट:

डब्यावरचे वॅट हे असंच असतं, मोजलेलं खरं. मेन वायर ४ स्क्वेअर एमएमची, २० अँपिअरचा फ्यूज, पुढे प्रत्येक लाईटला १.५ ची वायर आणि १० चा फ्यूज. अर्थची वायरही तेवढ्याच जाडीची, रंग खरवडून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) मारून बोल्टखाली. लाईट लुकलुकले तर नव्वद टक्के वेळा अर्थ सैल असतो.

वाडीकर:

पोरा, मी पंधरा वर्ष ट्रक चालवला, वायरिंगवाला नाही पण ऐक. तो डबा टू साईड टेपनं लावू नको. मे महिन्यात आपल्या नागपूरला गाडी उन्हात उभी राहिली की आतला गोंद पाणी होते, माझा डबा एकदा कॅबिनमधे धापकन मांडीवर पडला, गाडी चालूच होती. सनवायझरचे स्क्रू आधीच आहेत नं, त्याच भोकात पट्टी कस. नवीन भोक पाडायचं नाही, छताच्या पत्र्याले स्क्रू लागला तं पावसाळ्यात पाणी टपकते.

वायर समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वर ने, तिथलं प्लास्टिकचं कव्हर हळूच ओढलं की निघते. इंजिनकडून आत येतानी कंपनीच्या वायरिंगचं मोठं रबर आहे, त्याच्यातूनच घाल, अन् वरून काळी नळी चढव. टेपही कापडी घे, साधी टेप उन्हानं चिकट होऊन सुटते. अन् बगीच्यात गाडी रात्रभर उभी ठेवतो तं उंदराचं पाहा, माझ्या गाडीचं अर्ध वायरिंग त्यांनीच खाल्लं.

धूळवाट:

सगळे वायरिंग सांगून राहिले, मी वेगळं बोलतो, राग मानू नका. केबिनवरचा बार लावूच नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १११ आहे, गाडीच्या समोर स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय चालत नाही. नियम १०८ नुसार गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा प्रकाश दाखवता येत नाही, रिव्हर्स लाईट, नंबर प्लेटचा लाईट वगैरे सोडून. म्हणजे हौद्यातला पांढरा लाईट चालू ठेवून रोडवर निघालात तर तेही चुकीचंच, अन् मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जाते ते वेगळं.

कॅरेटवाला:

भाऊ, राग नाही, पण काटोल रोडवर चारातल्या दोन पिकअपला बार आहेत, त्यांचं काऊन नाही काही होत?

धूळवाट:

होत नाही तोवर नाही. कायदा बाजूला ठेवा, धुक्यात तो बार लावून पाहिला का कधी? उंचावरून पांढरा प्रकाश धुक्यावर पडला की समोर नुसती भिंत दिसते. म्हणून फॉग लाईट खाली बंपरवर असतात, त्यांचा झोत धुक्याच्या खालून रोडवर पसरतो. तुमचे फॉग तसेच ठेवा, थोडे खाली वाकवा, अन् हेडलाईटच्या काचा पिवळ्या झाल्या असतील तर त्या घासून घ्या.

कॅरेटवाला:

पाहिला होता लावून, अन् खरंच भिंतच दिसली होती. मी समजलो बारच कमी पडून राहिला.

बरं, हौद्याच्या लाईटचं कोणी सांगा नं.

बारा_व्होल्ट:

त्याला पाच पायांचा रिले घ्या, त्यात ८७ए असा एक जास्तीचा पाय असतो. कॉइलला करंट नसताना ३० आणि ८७ए जोडलेले असतात, करंट आला की तुटतात. आता कॉइलला चाबीवरचा करंट द्या आणि हौद्याच्या लाईटची लाईन स्विचमधून ३० आणि ८७ए वरून न्या. चाबी बंद असताना स्विचनं लाईट लागेल, चाबी लावली की आपोआप जाईल. रस्त्यावर तो चालू राहण्याचा प्रश्नच संपला. अडीच अँपिअरच आहे, त्यामुळे ही लाईन स्विचमधून थेट गेली तरी चालेल, फक्त फ्यूज ५ चा लावा.

राहिलं रात्रभर चालू राहण्याचं. अडीच अँपिअर दहा तास म्हणजे २५ अँपिअर-तास, बॅटरी जुनी असेल तर बसणारच. १२ व्होल्टचा टायमर रिले मिळतो, अर्ध्या तासावर लावून त्याच लाईनमधे टाका. लाईट परत हवा असेल तर स्विच बंद करून पुन्हा दाबा.

कॅरेटवाला:

झालं मंडळी! दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी नुसतं जुनं काढण्यातच दिवस गेला, खांबाच्या कव्हरचे दोन क्लिप तोडले, ते वेगळंच. दुसऱ्या रविवारी फ्यूज बॉक्स अन् रिले बॅटरीच्या बाजूला पट्टीवर कसले, स्विचच्या वायर कंपनीच्या रबरातून घेतल्या, डबा सनवायझरच्या स्क्रूला लावला. पहिल्यांदा चाबी लावली तं स्विचच्या आतला छोटा लाल लाईट बंद स्थितीतही लागून होता, अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं की स्विचच्या तीन पायांपैकी करंट आणणारा अन् पुढे नेणारा हेच मी उलटे जोडले होते. उलटवले, झालं. अर्धा तास फॉग चालू ठेवून वायर हातानं पाहिल्या, थंड आहेत.

बार काढला केबिनवरून. तो आता ट्रॅक्टरच्या मागे लावतो, रात्री बगीच्यात फवारणीला कामी येईल. चौथा स्विच रिकामाच आहे, त्याच्यावर काही सुचलं तं सांगा.

अन् बाबा दोन दिवसांपासून म्हणून राहिले की पोट्ट्यानं वायरिंग बिघडवली, चाबी लावली की हौद्यातला लाईट जाते. समजावून सांगितलं, पण काल पुन्हा पाना घेऊन बोनेट उघडून उभे होते.