मदत हवी आहे : सीताबर्डीच्या लढाईचा स्पर्धेसाठी सीनारिओ

नमस्कार मंडळी,

नागपुरातील आमचा मिनिएचर वॉरगेम (छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या प्रतिकृती आणि फासे घेऊन टेबलावर खेळायची लढाई) खेळणाऱ्यांचा लहानसा गट या हिवाळ्यात स्पर्धा घेणार असून, अंतिम फेरीत सीताबर्डीची लढाई टेबलावर मांडावी असे ठरले आहे. सीनारिओ, म्हणजे त्या डावाची मांडणी आणि नियम, आखण्याचे काम माझ्याकडे आहे. मित्रांमधील डावासाठी ही लढाई उत्तम आहे. स्पर्धेसाठी मात्र दोन्ही बाजूंना जिंकण्याची सारखी संधी हवी, आणि इतिहासातले संख्याबळ तर अगदीच विषम आहे.

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि रेसिडेंट (दरबारातील इंग्रज प्रतिनिधी) जेंकिन्सच्या संरक्षणार्थ सीताबर्डीच्या छोट्या आणि मोठ्या अशा दोन टेकड्यांवर उभे असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात लढाई जुंपली आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. कंपनीचे सैनिक सुमारे १,४००, तर भोसल्यांची फौज सुमारे १८,००० आणि तोफा ३६. सकाळी भोसल्यांच्या फौजेतील अरबांनी छोटी टेकडी घेतली. पुढे कंपनीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात धडक मारली, छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात कंपनीच्या शिपायांनी ती परत मिळवली.

माझा आराखडा असा आहे : सहा बाय चार फुटांचे टेबल, १५ मिलिमीटरच्या मिनिएचर, सहा फेऱ्या. अठरा हजारांची फौज रंगवणे कोणालाच शक्य नसल्यामुळे भोसल्यांची तुकडी नष्ट झाली की पुढच्या फेरीत ती टेबलाच्या कडेवरून पुन्हा उतरेल. अडचण गुणांची आहे. टेकड्यांच्या ताब्याचे गुण केवळ शेवटी मोजले, तर भोसले खेळाडू पाच फेऱ्या दुरून तोफा डागत बसतो आणि सारी चढाई सहाव्या फेरीत करतो. गुण दर फेरीला दिले, तर दोन्ही टेकड्यांवर आधीपासून असलेला कंपनी खेळाडू काहीच न करता आघाडी घेतो. शिवाय स्फोट नुसत्या फाशावर सोडला, तर एका वाईट फाशाने अंतिम सामना गमावणाऱ्याची समजूत मी कशी घालणार? पण स्फोट गाळला, तर ती सीताबर्डी राहत नाही.

दोघांनी बाजू बदलून दोन डाव खेळावेत, हा सर्वांत न्याय्य उपाय मला ठाऊक आहे. परंतु सभागृह एकाच दुपारपुरते मिळाले आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

धागाकर्ते, आराखडा चांगला आहे. दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीचे गुण देण्याचा आग्रह सोडा. भोसले खेळाडूला छोटी टेकडी ताब्यात असलेल्या प्रत्येक फेरीचे गुण द्यावेत, म्हणजे त्याला लवकर चढावेच लागेल. कंपनी खेळाडूला शेवटी राखलेल्या टेकड्यांचे आणि मैदानात काबीज केलेल्या तोफांचे द्यावेत, म्हणजे त्याचे घोडदळ कोपऱ्यात उभे राहणार नाही.

स्फोटाचा निर्णय खेळाडूकडे द्या. दारूगोळ्याची गाडी ज्याच्या ताब्यात असेल, त्याला दर फेरीत एकदा गोळीबाराचे फासे पुन्हा टाकता यावेत. मात्र प्रत्येक वापरानंतर एक फासा टाकावा आणि तोवर झालेल्या वापरांच्या संख्येइतका किंवा त्याहून कमी आकडा पडल्यास गाडी उडावी. पहिल्या वापराला सहात एक धोका, तिसऱ्याला निम्मा. हरणाऱ्याला मग नशिबाला बोल लावता येणार नाही.

बाजू ठरवण्यासाठी बोली लावा. ‘नष्ट झालेल्या किती तुकड्या परत मिळाल्या तर मी भोसले खेळेन’, हा आकडा दोघांनी गुपचूप लिहावा. ज्याचा कमी, त्याला भोसले आणि तेवढ्याच तुकड्या. आकडे सारखे आल्यास फासा. नागपुरात राजीखुशीने जेंकिन्सकडून कोण खेळणार, त्यामुळे बोली बरीच खाली जाईल असे वाटते. म्हणून किमान मर्यादा आधीच ठरवा आणि सरावाच्या डावांत ती तपासून पाहा.