मदत हवी आहे : शिकागो १९१२ – टेक्सासचे प्रतिनिधी नक्की कुणाचे?

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेच्या राजकीय इतिहासाचा अभ्यास असणाऱ्यांकडून मदत हवी आहे. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मला १९१२च्या रिपब्लिकन पक्षफुटीवर बोलायचं आहे, माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट विरुद्ध तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट. वाचन बऱ्यापैकी झालंय, पण एका जागी गाडं अडलंय आणि ती जागा टाळून बोलायला उभं राहणं मला पटत नाही.

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९०८ साली रूझवेल्टनीच टॅफ्टना आपल्या जागी आणलं. पुढे दोघांचं बिनसलं आणि १९१२ला रूझवेल्ट स्वतः पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला उतरले. ती ठरणार होती जूनमध्ये शिकागोच्या पक्ष अधिवेशनात, राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी. त्या वर्षी डझनभर राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाच्या मतदारांनी थेट कौल देण्याच्या निवडणुका, झाल्या. त्यातली ९ रूझवेल्टनी जिंकली, टॅफ्टचं स्वतःचं ओहायोसुद्धा! प्रायमरीतून आलेले प्रतिनिधी मोजले तर रूझवेल्टचे २७८ आणि टॅफ्टचे ४८. पण बाकीच्या राज्यांतले प्रतिनिधी पक्षाच्या सभांमधून निवडले जात आणि तिथे पक्षयंत्रणा टॅफ्टच्या हातात होती.

एकूण प्रतिनिधी १०७८, बहुमताला ५४०. त्यातल्या २५४ जागांवर वाद. निवाडा करणार पक्षाची राष्ट्रीय समिती. तिने २३५ जागा टॅफ्टना दिल्या, १९ रूझवेल्टना. संतापाची गोष्ट पुढेच आहे. ज्याच्या जागेवर वाद आहे त्याला स्वतःच्या जागेवर मत देता येत नव्हतं, पण शेजारच्या वादग्रस्त जागेवर देता येत होतं. म्हणजे अलाबामाच्या वादग्रस्त प्रतिनिधीने टेक्सासवाल्याला वाचवायचं आणि टेक्सासवाल्याने अलाबामाला. हे वाचताना मला शांत राहता येत नाही.

आता माझा हिशेब. १८ जूनला अधिवेशनाच्या हंगामी अध्यक्षपदासाठी मतदान झालं. टॅफ्टगटाचे एलिहू रूट ५५८, रूझवेल्टगटाने उभे केलेले विस्कॉन्सिनचे गव्हर्नर मॅकगव्हर्न ५०२. फरक ५६चा. म्हणजे रूटकडचे फक्त २९ प्रतिनिधी खुर्चीवरून उठून त्यांच्या जागी रूझवेल्टचे बसले असते, तर ५२९ विरुद्ध ५३१. रूट पडले असते आणि अधिवेशनाची सूत्रं दुसऱ्या हातात गेली असती.

हे २९ कुठून येतात?

वॉशिंग्टन राज्याचे १४ मला रूझवेल्टचे वाटतात. सिएटलमध्ये त्यांच्या लोकांनी प्रायमरी घेतली आणि जिंकली, टॅफ्टच्या कमिटीने आपले प्रतिनिधी परस्पर नेमले. कॅलिफोर्नियाचे २ तर उघडउघड. राज्याचा कायदा सांगतो की राज्यभरात जो जिंकेल त्याचेच सगळे प्रतिनिधी, पण समितीने सॅन फ्रान्सिस्कोच्या चौथ्या मतदारसंघाचे दोन तेवढे काढून टॅफ्टना दिले, आणि तेही काही मतदान केंद्रं दोन मतदारसंघांत विभागलेली असताना, म्हणजे तिथली मतं मतदारसंघाप्रमाणे वेगळी मोजताच येत नसताना. ॲरिझोनाचे ६ धरू. झाले २२. अजून ७ हवेत आणि ते टेक्सासमधूनच मिळतात. तिथल्या ४० जागांपैकी बहुतेक टॅफ्टकडे गेल्या होत्या.

तर प्रश्न असा: टेक्सासमध्ये खरं बहुमत कुणाचं होतं? तिथले पक्षप्रमुख सेसिल लायन रूझवेल्टचे. त्यांची संघटना जुनी आणि मजबूत, एवढं कळलंय. मतदारसंघनिहाय काही वाचायला मिळेल का?

प्रतिसाद १

हिशेब आवडला. दोन गोष्टी मात्र बोलताना सोडू नका.

पहिली: २५४ वादांपैकी बरेच वाद दाखवण्यापुरतेच होते. सुरुवातीला टॅफ्टचे प्रतिनिधी भराभर निवडून येत होते आणि रूझवेल्टची पाटी कोरी दिसत होती. आकड्यांच्या तक्त्यात त्या जागा टॅफ्टच्या खात्यावर दिसू नयेत म्हणून दक्षिणेत जागोजागी वाद दाखल केले गेले. ही कबुली रूझवेल्टच्या बाजूच्याच वॉशिंग्टनमधल्या वर्तमानपत्राने अधिवेशनाच्या आधी दिली होती. म्हणून २३५ हा आकडा चोरीचा आकडा म्हणून सांगू नका.

दुसरी: ही राष्ट्रीय समिती १९०८च्या अधिवेशनातून आलेली, म्हणजे रूझवेल्टच्या सद्दीतली. तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांचं प्रतिनिधित्व कमी करण्याचा प्रस्ताव आला होता. या राज्यांत रिपब्लिकन मतं नगण्य, प्रतिनिधी मात्र भरपूर, आणि ते बहुतांशी सरकारी नेमणुकांवर पोसलेले. तो प्रस्ताव रूझवेल्ट-टॅफ्ट गटानेच पाडला.

आणि नियमाची दुसरी बाजूही सांगा. वादग्रस्त प्रतिनिधींना मत नाकारलं, तर उद्या कुणीही विरोधकांच्या निम्म्या जागांवर खोटे वाद दाखल करून अधिवेशन ताब्यात घेईल. रूटगटाचा हा युक्तिवाद पोकळ नव्हता.

प्रतिसाद २

लायन यांच्या बहुमताबद्दल. ते टेक्सासमधल्या 'लिली-व्हाइट' गटाचे पुढारी होते, म्हणजे कृष्णवर्णीय रिपब्लिकनांना पक्षातून बाहेर काढू पाहणाऱ्यांचे. तिथल्या सभांमध्ये बहुमत लायन यांचं होतं असं जरी निघालं, तरी सभेत कुणाला येऊ दिलं होतं हे विचारावं लागेल. आणि ऑगस्टमध्ये रूझवेल्टनी नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला, तेव्हा दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना त्यांच्याच अधिवेशनात बसू दिलं नाही. जूनमध्ये प्रतिनिधी पळवले म्हणून आकाशपाताळ एक केलेल्या माणसाने हे केलं. माझ्या मते तुमच्या भाषणात याला जागा हवीच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २ने माझा प्रश्नच बदलला. मी टेक्सासचे ७ शोधत होतो, पण तिथे दोन्ही बाजूंची यादी अशाच सभांतून आली असेल, तर 'खरे' प्रतिनिधी म्हणून मी कुणाकडे बोट दाखवणार? वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया यांच्याबद्दल माझं मत मात्र कायम आहे. तिथे लोकांनी मतं दिली होती आणि ती बाजूला सारली गेली.

प्रतिसाद १ला एक सांगावंसं वाटतं. रूटचा युक्तिवाद मान्य केला तरी मॅसॅच्युसेट्सचं काय? उमेदवार निवडीच्या वेळी तिथल्या रूझवेल्टच्या प्रतिनिधींनी मत द्यायला नकार दिला, तेव्हा रूटनी त्यांच्या पर्यायी प्रतिनिधींना पुकारलं आणि टॅफ्टच्या पदरात दोन मतं पडली. टॅफ्टना ५६१ मिळाली, ती दोन नसती तरी चाललं असतं. हातात सगळं असताना हे कशासाठी? ३४४ प्रतिनिधी सभागृहात बसून गप्प राहिले, ते उगीच नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत टॅफ्टना फक्त युटा आणि व्हरमाँट ही राज्यं मिळाली, म्हणजे ८ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या वाट्याची मतं, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो), आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन ४३५ घेऊन निवडून आले.

आता नेमकी मदत अशी हवी आहे. टेक्सासमधली १९१२ची स्थानिक वर्तमानपत्रं नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या 'पोर्टल टू टेक्सास हिस्टरी'वर चाळता येतात, तिथून मी सुरुवात करतोय. टॅफ्ट, रूझवेल्ट आणि रूट या तिघांचीही कागदपत्रं वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तिकडे राहणाऱ्या किंवा त्या संग्रहात काम केलेल्या कुणी मे-जून १९१२मधल्या टेक्सासच्या पत्रव्यवहारात कसं शिरायचं हे सांगितलं तर फार उपकार होतील. आणि त्या काळच्या टेक्सासमधल्या कृष्णवर्णीय रिपब्लिकनांनी स्वतः काय लिहिलं होतं, हे कुठे सापडेल? ते मिळाल्याशिवाय मला बोलायला उभं राहायचं नाही.